धुराचा डबा, ओळखा पाहू!

प्री-वेडिंगच्या फोटोतला गुलाबी धूर आपण सगळ्यांनी बघितलाय. त्याचा थोरला भाऊ, म्हणजे मिलिटरीचा जुना स्मोक ग्रेनेड, हा जगभरच्या कलेक्टर्सचा जीव की प्राण. चारी बाजूंनी दारूगोळ्याचे कारखाने आणि डेपो असलेल्या आपल्या नागपूरला हा छंद जमेल का? जमेल बॉस, पण डब्याला हात न लावता!

फुटाळ्यावर संध्याकाळी चक्कर मारली असेल तर हा सीन नवा नाही. नवरदेव ब्लेझरमध्ये, नवरी लांबलचक गाऊनमध्ये, आणि फोटोग्राफरचा असिस्टंट हातात रंगीत धुराची नळी घेऊन वाऱ्याची दिशा बघतोय. पंधरा-वीस सेकंदांचा खेळ, चार फोटो, आणि सगळ्यांच्या कपड्यांना फटाक्याचा वास. पब्लिक खूश.

ही आयडिया मुळात लष्कराची. रंगीत धूर सोडणारा सगळ्यात गाजलेला डबा म्हणजे अमेरिकन एम-१८. तो १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत आला आणि अजून वापरात आहे. कोल्ड्रिंकच्या कॅनपेक्षा जरासा उंच, वजन साधारण ५४० ग्रॅम, आणि पेटला की ५० ते ९० सेकंद धूर. लाल, पिवळा, हिरवा आणि जांभळा हे त्याचे चार रंग. रंगीत धूर हा निरोप असतो. ‘आम्ही इथे आहोत’, ‘हेलिकॉप्टर इथे उतरवा’, ‘वारा या बाजूने आहे’ असं सगळं एका डब्यात सांगून टाकायचं. पांढऱ्या धुराचं काम वेगळं. तो पडदा असतो. त्याच्या आड सैनिक रस्ता ओलांडतात, जखमींना उचलतात, रणगाडे मागे घेतात.

तर अशा डब्यांचे शौकीन जगात भरपूर आहेत. अमेरिकेत आणि युरोपात जुन्या लष्करी सामानाचे बाजार भरतात, तिथे वापरून रिकामे झालेले डबे टेबलावर मांडलेले असतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हे काय, गंजका टिनाचा डबा! पण कलेक्टरचा डोळा डब्यावर नसतोच. तो असतो डब्यावरच्या अक्षरांवर. रंग कोणता, पट्टा कुठे, लॉट नंबर काय, साल कोणतं. नाणी आणि पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्यांना हे वेड लगेच कळेल.

रंग बघा, पट्टा बघा

ओळखण्याचा फंडा ऐकायला सोपा आहे. महायुद्धाच्या काळातले अमेरिकन धुराचे डबे निळसर करड्या रंगाचे, त्यावर पिवळा पट्टा आणि पिवळी अक्षरं. पुढे पद्धत बदलली. डबा फिकट हिरवा झाला, अक्षरं काळी झाली. एम-१८ चं वरचं झाकण मात्र ज्या रंगाचा धूर, त्याच रंगाचं. म्हणजे करडा डबा दिसला तर जुना, हिरवा दिसला तर नंतरचा, झाकण जांभळं तर धूर जांभळा. वर चार भोकं आणि तळाला एक, धूर बाहेर पडायला. दहा मिनिटांत कोणालाही शिकवता येईल.

आता गंमत ऐका. म्हणजे गंमत म्हणायची, पण हसायची नाही. याच मापाच्या, जवळजवळ याच आकाराच्या डब्यात अमेरिकन सैन्याने बरंच काही भरलं. एएन-एम ८ या डब्यात पांढरा धूर. एम-७ मालिकेत अश्रुधूर, त्यावर लाल पट्टा. आणि एएन-एम १४ मध्ये थर्माइट, त्यावर जांभळा पट्टा. थर्माइट म्हणजे ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या ऑक्साइडचं मिश्रण. ते सुमारे २२०० अंश सेल्सिअसला जळतं, इंजिनाच्या ब्लॉकमधून आरपार वितळत खाली उतरतं आणि पाणी ओतलं तरी विझत नाही. तोफ शत्रूच्या हाती पडण्याआधी निकामी करायला हा डबा वापरत.

म्हणजे लग्नाच्या फोटोतला जांभळा धूर आणि तोफ वितळवणारी आग, या दोघांमध्ये बाहेरून दिसणारा फरक म्हणजे रंग आणि छापील अक्षरं. ऐंशी वर्षांत तो रंग उडतो. गंज चढतो. कोणीतरी हौशीने वरून ऑइलपेंट मारतो. मग डबा हातात घेऊन कोणी शपथेवर सांगितलं की ‘हा नुसता धुराचा आहे’, तरी त्याला काही अर्थ उरत नाही. वाचता न येणारा डबा हा ‘बहुतेक रिकामा’ नसतो, तो अनोळखी असतो. या छंदातला पहिला आणि शेवटचा धडा हाच, आणि बाहेरचे मुरलेले कलेक्टर तो अगदी काटेकोर पाळतात. भरलेलं आहे की नाही हे पारखायचं काम ते स्वतः करत नाहीत, ते स्फोटकं निकामी करणाऱ्या तज्ज्ञांचं.

ब्रिटिशांचं नंबरांचं प्रकरण आणखी किचकट आहे. त्यांच्या प्रत्येक ग्रेनेडला नंबर आणि त्यापुढे ‘मार्क’. आपल्याकडे लष्कराची सगळी परंपरा ब्रिटिश असल्यामुळे हे नंबर इथल्या हौशी मंडळींना जास्त जवळचे. नं. ७७ हा पातळ पत्र्याचा डबा आणि वर काळ्या बेकेलाइटची टोपी. बेकेलाइट म्हटलं की जुना टेलिफोन आणि आजोबांचा रेडिओ आठवतो, त्यामुळे हा फोटोत फार गोंडस दिसतो. पण त्याच्या टोपीखाली शिशाचं वजन लावलेली एक फीत गुंडाळलेली असे. फेकल्यावर ती हवेत उलगडायची, पिन ओढून काढायची, आणि मग डबा कसाही, कुठेही आपटला तरी फुटायचा. टायमर नाही, चार सेकंदांची मुभा नाही. ब्रिटिश सैन्याने १९४८ मध्ये तो कालबाह्य ठरवला आणि त्याची जागा लिव्हर असलेल्या नं. ८० ने घेतली. दोन्हींच्या पोटात एकच माल: पांढरा फॉस्फरस.

मे महिन्यातला माळा

आता नागपूरकरांनी इथे जरा कान द्यावा. पांढरा फॉस्फरस हवेत साधारण ३० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतो आणि ४४ अंशांना वितळतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, २०१३ च्या मे महिन्यात तर तो ४७.९ पर्यंत गेला होता. हे झालं सावलीतलं तापमान. पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. इंग्लंडच्या थंडीत जो फॉस्फरस मेणासारखा घट्ट बसून राहतो, तो आपल्याकडे दर उन्हाळ्यात पातळ होणार आणि गंजलेल्या जोडातून वाट शोधणार. बाहेर आला की हवा, आणि हवा लागली की आग. कुलरही काही करू शकत नाही, बाप्पा!

आणि ही भीती पुस्तकी नाही. १९४० मध्ये जर्मनी इंग्लंडवर चालून येणार अशी हवा होती, तेव्हा तिथल्या होमगार्ड मंडळींसाठी नं. ७६ नावाची एक बाटली निघाली. अर्ध्या पिंटाची साधी काचेची बाटली, त्यात फॉस्फरस, बेंझिन, थोडं पाणी आणि रबराची पट्टी. वर सोड्याच्या बाटलीला असतं तसं पत्र्याचं बूच. लाल बूच असेल तर हाताने फेकायची, हिरवं असेल तर छोट्या तोफेतून. ऑगस्ट १९४१ पर्यंत ६० लाखांहून जास्त बाटल्या तयार झाल्या. पुष्कळशा पेट्या गुपचूप पुरून ठेवल्या गेल्या, पुरणारे गेले, नकाशे हरवले. आजही तिथे घराचा पाया खणताना किंवा बाग उकरताना बाटल्यांची पेटी सापडते आणि अख्खी गल्ली रिकामी करावी लागते.

पांढऱ्या धुराचा दुसरा प्रकार, तो एएन-एम ८ वाला, वरवर सौम्य वाटतो. त्यात फॉस्फरस नसतो, हेक्साक्लोरोइथेन आणि झिंक ऑक्साइड असतं. मोकळ्या मैदानात ठीक. बंद खोलीत मात्र तो धूर म्हणजे फुप्फुसात झिंक क्लोराइड. सरावाच्या वेळी बंद जागेत अडकून सैनिकांचे जीव गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यामुळे ‘स्मोकच तर आहे ना’ हे वाक्य जरा आवरतं घ्या.

लांब कशाला, पुलगाव बघा

नागपूरला ऑरेंज सिटी म्हणतात, टायगर कॅपिटल म्हणतात. दारूगोळ्याची राजधानी कोणी म्हणत नाही, पण म्हणायला हरकत नाही. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे. २०२१ मध्ये जुन्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय इथेच. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती आणि वर्धा जिल्ह्यात पुलगावचा केंद्रीय दारूगोळा डेपो. अमरावती रोडवर बाजारगावकडे खासगी स्फोटकांचे कारखाने. यांच्यापैकी कुठे ना कुठे कामाला असलेला एखादा काका-मामा अर्ध्या नागपूरला आहेच.

या भागाने जुन्या मालाची किंमत मोजलेली आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या डेपोला आग लागली. दोन अधिकाऱ्यांसह १६ हून जास्त जण गेले, त्यात आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे जवान बरेच. नंतर जी कारणं चर्चेत आली त्यात जुन्या सुरुंगांतून पाझरलेल्या टीएनटीचं नाव आलं. तज्ज्ञांच्या पहाऱ्यात, नियमांच्या चौकटीत ठेवलेला मालसुद्धा वय झालं की पाझरतो. मग घरातल्या कपाटाचं काय घेऊन बसलात!

दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी, पुलगावजवळ सोनेगाव आबाजीच्या मैदानात आणखी एक स्फोट झाला. मुदत संपलेला दारूगोळा तिथे नष्ट करायला आणला होता. सहा जण गेले, बहुतेक आसपासच्या गावांतले मजूर. त्या आठवड्यात पेपरांत या गावांबद्दल बरंच छापून आलं. हाताला दुसरं काम नाही, आणि धातूला भंगारात भाव आहे, म्हणून माणसं या मैदानांच्या आसऱ्याने जगतात. देवळाली किंवा नगरच्या के. के. रेंजच्या आसपासच्या गावांतूनही शेल फोडून पितळ काढताना झालेल्या स्फोटांच्या बातम्या अधूनमधून येत असतात.

हे इथे सांगायचं कारण आहे. इतवारीत किंवा एखाद्या भंगाराच्या गोदामात तुम्हाला कोणी हळूच मिलिटरीचा ‘ओरिजिनल पीस’ दाखवला, तर तो तिथपर्यंत कसा आला हा प्रश्न आधी विचारायला हवा. लष्कराचं भंगार रीतसर लिलावातून विकलं जातं, त्याला स्फोटकमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. कागद नसलेला पीस बहुधा कुणीतरी जिवावर उदार होऊन उचललेला असतो. आपण हजार-दोन हजार मोजून शोकेसमध्ये ठेवणार, आणि तो माणूस पुढच्या वेळी पुन्हा मैदानात जाणार. अँटिक म्हणून कितीही कूल वाटलं तरी मला हा सौदा पटत नाही.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात सांगायचं तर कायदा हसत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ग्रेनेड आणि बॉम्ब हे ‘प्रतिबंधित दारूगोळा’ या व्याख्येत येतात. धुराचा म्हणून सूट, जुना म्हणून सूट, असं त्यात लिहिलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा दारूगोळा बाळगल्यास किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त चौदा वर्षं कैद होऊ शकते. निकामी झालेल्या जुन्या शस्त्रांना कायद्यात जी सवलत आहे, ती बंदुकीच्या संदर्भातली आहे. तिच्या भरवशावर डबा घरात आणू नका. परदेशातल्या साइटवरून ‘इनर्ट’ म्हणून मागवलेला पीससुद्धा कस्टम्समध्ये अडकेल आणि उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील. काडतुसाची रिकामी पुंगळी की-चेन म्हणून बॅगेत ठेवून एअरपोर्टवर जाणाऱ्यांची कशी वरात निघते, हे सोनेगावला तासभर बसलात तरी कळेल.

आणि साधा फोटोग्राफीचा धूर? तो फटाक्यांच्या वर्गातला, पण जागा चुकली की गणित बदलतं. १३ डिसेंबर २०२३ ला लोकसभेत दोघांनी पिवळ्या धुराच्या नळ्या फोडल्या. धुराने कोणाला फारशी इजा झाली नाही, तरी गुन्हा दहशतवादविरोधी कायद्याखाली नोंदवला गेला.

मग जमवायचं काय?

भरपूर! इथेच छंदाची खरी मजा सुरू होते, आणि ही मजा रविवारच्या सुट्टीत परवडणारी आहे.

सुरुवात शब्दापासून करा. ग्रेनेड म्हणजे मुळात डाळिंब. युरोपातल्या जुन्या सैनिकांना लोखंडी गोळा आणि आतले दाणे बघून डाळिंब आठवलं आणि नाव पडलं. तो गोळा फेकणारे धिप्पाड जवान ते ग्रेनेडियर. आपल्या सीताबर्डी किल्ल्यात प्रादेशिक सेनेची जी ११८ वी बटालियन आहे, ती ग्रेनेडियर्सचीच. म्हणजे रोज बर्डीवर ट्रॅफिकमध्ये अडकून वर बघता तेव्हा ग्रेनेडियर्सच्याच घराकडे बघत असता. ग्रेनेडियर्सच्या पितळी बिल्ल्यावर पेटता गोळा असतो आणि त्यावर हॅनोव्हरचा पांढरा घोडा. जुने, वापरातून गेलेले रेजिमेंटचे बिल्ले, बटणं, खांद्यावरची अक्षरं हा कलेक्टर्सचा आवडता माल आहे. काळानुसार मुकुट जाऊन अशोकस्तंभ येतो, अक्षरं बदलतात, आणि त्यावरून तारीख काढता येते. (फक्त ते लावून जवान असल्याचा आव आणू नका, तोही गुन्हा आहे.)

मग कागद. ब्रिटिश काळात सैनिकांना शिकवायला छोट्या पुस्तिका निघत, त्यातलं १३ नंबरचं पॅम्फ्लेट खास ग्रेनेडवर होतं. अशा पुस्तिकांत डब्यांची आडवी कापलेली चित्रं, पट्ट्यांचे रंग, फीत कशी उलगडते, सगळं असतं. माझ्या मते एका गंजक्या डब्यापेक्षा अशी एक पुस्तिका शंभर पटींनी जास्त बोलते, आणि ती मे महिन्यात पेटत नाही. सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे आणि कामठीच्या जुन्या घरांच्या आवराआवरीत डोळे उघडे ठेवा. कामठीची छावणी १८२१ पासूनची आहे, तिथल्या ट्रंकांतून फोटो, पत्रं, रेशनकार्डं, प्रशिक्षणाच्या वह्या निघू शकतात. घरच्यांना त्या रद्दी वाटतात, म्हणून आधी विचारा.

लाकडी आणि पत्र्याच्या रिकाम्या पेट्या हाही चांगला विषय. भंगाराच्या लिलावातून त्या रीतसर बाहेर येतात आणि काही जण त्यांचा सेंटर टेबल करतात. पेटीवरची स्टेन्सिलची अक्षरं वाचायला लागा. आत काय होतं, किती नग, कोणता लॉट, कोणत्या निर्माणीचा. डब्यासाठी जी लिपी शिकायची तीच इथे आहे. ‘के. एफ.’ दिसलं तर खडकीची दारूगोळा निर्माणी, जी १८६९ पासून चालू आहे. ‘ओ. एफ. व्ही.’ म्हणजे वरणगाव. कोंबडीच्या पायासारखा तीन रेघांचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. आणि नव्याने रंगवलेली पेटी ओळखायची असेल तर अक्षरांच्या कडा बघा. जुन्या स्टेन्सिलची कड लाकडात मुरलेली असते, नव्याची वर तरंगते.

प्रत्यक्ष वस्तू बघायची हौस असेल तर अजब बंगला म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय आहे, १८६३ सालचं. तिथे शस्त्रांचं दालन आहे. शाळेच्या ट्रिपनंतर किती जणांनी पुन्हा पाऊल ठेवलंय तिथे? स्मोक ग्रेनेडवाल्यांनी मात्र एक वीकेंड काढून अहिल्यानगरचं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय गाठावं. सेंच्युरियन आणि विजयंता रणगाड्यांच्या बुरुजाला दोन्ही बाजूंनी सहा-सहा नळकांडी लावलेली दिसतात. पाहुणे त्यांना मशीनगन समजून फोटो काढतात. ती धुराची नळकांडी आहेत, शत्रूने नेम धरला की एकदम पडदा टाकायला.

आपल्या जमिनीतही अजून काय काय आहे कोण जाणे! २०१८-१९ च्या हिवाळ्यात कस्तुरचंद पार्कवर खोदकाम करताना ब्रिटिशकालीन चार तोफा सापडल्या. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि कंपनी सरकारची फौज सीताबर्डीच्या टेकड्यांवर भिडली होती, आणि तिथून हा मैदानी पट्टा हाकेच्या अंतरावर. तोफ सापडली तर ती कोणी बॅगेत घालून नेत नाही. डबा मात्र नेतो, हीच तर अडचण आहे.

आणि घरातच काही निघालं तर? आजोबा सैन्यात होते, ट्रंकेत काहीतरी जड, गोल, गंजलेलं आहे, असं झालं तर हलवू नका, झाकण उघडून बघू नका, पाण्यात टाकू नका, फोटोसाठीही उचलून धरू नका. दार ओढून घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ वर फोन करा. बॉम्बशोधक व नाशक पथक येतं. आपणहून कळवणं केव्हाही चांगलं, लपवून ठेवलेलं नंतर सापडणं वाईट.

जाता जाता एक खास नागपुरी बातमी, कलेक्टर मंडळींच्या वहीत नोंद करण्यासारखी. नं. ३६, म्हणजे प्रसिद्ध मिल्स बॉम्ब, मूळचा १९१५ चा. बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांचं डिझाइन. पुढे मेसोपोटेमियाच्या उन्हासाठी त्यावर लाखेचा थर दिला आणि नावात ‘एम’ जोडला. हा ग्रेनेड आपल्या सैन्यात थेट एकविसाव्या शतकापर्यंत चालला. त्याची जागा घेणारा मल्टी-मोड हँड ग्रेनेड डीआरडीओने तयार केला, पण त्याचं उत्पादन नागपूरच्या खासगी कारखान्यात होतं. ऑक्टोबर २०२० मध्ये १० लाख नगांची ऑर्डर मिळाली, ४०९ कोटींची, आणि २४ ऑगस्ट २०२१ ला पहिली खेप संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते नागपुरातच लष्कराकडे सोपवली गेली.

सीताबर्डी किल्ला सर्वसामान्यांसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडतो. ओळखपत्र घ्या, सकाळी लवकर पोचा. १ मेला जाणार असाल तर टोपी, दुपट्टा आणि पाण्याची बाटली विसरू नका.